दिगंबर आठल्येचं उरलेलं वाक्य

दिगंबर पहिल्यांदा थांबला तेव्हा मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो, आणि त्याचं पुढचं वाक्य माझ्या हातात होतं.

त्र्याहत्तर साल. कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. नाटक श्यामराव पेठ्यांनी लिहिलेलं. तीन अंकी, सामाजिक, आणि श्यामरावांच्या मते हृदयाला हात घालणारं. मी प्रॉम्प्टर होतो. नागपूरहून केंद्र सरकारच्या नोकरीवर इथे येऊन मला जेमतेम वर्ष होत होतं. मराठी वाङ्मयात एम. ए. आहे म्हणजे याला मराठी वाचता येत असणार, असा मंडळाचा अंदाज होता. तो बरोबर निघाला. इथे वाढलेल्या अर्ध्याअधिक मुलांना येत नव्हतं.

दिगंबरला प्रॉम्प्टर लागत नसे. जन्म इथलाच, भवानीपूरचा, वय तिशीच्या अलीकडे, नोकरी एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समनची. उंच, किंचित वाकलेला, आवाज मोठा गोड. दुसऱ्या तालमीला त्याची नक्कल पाठ असायची आणि तिसऱ्या तालमीला सगळ्यांची. मी विंगेत उभा राहून त्याच्या वाक्यांच्या वेळी आरामात उसासे टाकायचो.

त्या संध्याकाळी तो थोरल्या मुलाच्या भूमिकेत होता. आईसमोर उभा राहून म्हणाला, "आई, या घरात मी तुझा मुलगा म्हणून—"

आणि थांबला.

अडखळला नाही. शब्द शोधत नव्हता. डोळे उघडे, तोंड अर्धवट उघडं, हात पुढे केलेला. नळाचं पाणी जावं तसा आवाज गेला.

मी म्हटलं, "राहिलो, पाहुणा म्हणून नाही."

काही नाही.

मी मोठ्याने म्हटलं. मागच्या रांगेतल्या खुर्च्यांनाही ऐकू गेलं असेल. दिगंबरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आपल्या जागेवर कोणी अनोळखी माणूस बसलेला दिसावा, तसं. मग म्हणाला, "राहिलो, पाहुणा म्हणून नाही." टेलिफोनचा नंबर सांगावा तसं.

"विसरला!" प्रतिभावहिनी ओरडल्या. त्या आई झाल्या होत्या आणि रोज विसरत. त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. "बघा, दिगंबरभावजीसुद्धा विसरतात!"

मंडळाने निदान केलं ते तेव्हा. दिगंबर विसरतो. औषधही तेव्हाच ठरलं. प्रॉम्प्टिंग.

*

"विसरलो नाही," दिगंबर मला म्हणाला.

आम्ही ढाकुरियाच्या लेकवर बाकावर बसलो होतो. समोर कॉलेजची पोरं होड्या वल्हवत होती.

"मग?"

"विसरलेलं जिभेवर असतं रे. चव राहते. हे नसतंच. मी बोलत असतो आणि कोणीतरी पुढचं काढून घेतं."

"कोण?"

"ते मला कसं माहीत असणार?" तो शांतपणे म्हणाला. "पाकीट मारलं की तुला खिसा रिकामा लागतो. मारणारा लागतो का?"

मला हसू आलं. मग त्याच्याकडे बघितलं आणि ते गेलं. तो घाबरलेला होता. त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती, आणि दिगंबर म्हणजे बुटांच्या नाड्यासुद्धा मोजून सारख्या करणारा माणूस.

"कधीपासून?"

"थंडी संपली तेव्हापासून. आधी महिन्यातून एकदा व्हायचं. आता रोज. कधी बोलताना, कधी नुसता विचार करताना. मुकुंदा, मला डॉक्टरला दाखवायचंय. डोक्याच्या डॉक्टरला. ताईला सांगितलं पाहिजे. रोज सांगायला जातो."

"मग?"

त्याने हातानेच दाखवलं. मूठ मिटली, उघडली. काही नाही.

एकटा तो एकदा गेलाही होता. कुठल्याशा दवाखान्याच्या खिडकीपाशी कारकुनाने विचारलं, काय होतंय? दिगंबर म्हणाला, "मला—" आणि थांबला. मागे मोठी रांग होती. कारकुनाने वाट पाहिली, मागच्या लोकांनी गलका केला, शेवटी कारकुनानेच कागदावर ताप लिहिलं. आतल्या डॉक्टरने ताप वाचून मिक्श्चर दिलं.

"घेतलंस?"

"घेतलं. कडू होतं." मग विचार करून म्हणाला, "ताप नाही आला त्यानंतर."

*

शारदाताई त्याची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर तिने त्याला वाढवलं. बंगाली मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. भवानीपूरच्या दोन खोल्यांत ती, दिगंबर आणि जगाचा एक मोठा नकाशा राहत.

मी तिला लेकवरचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पोळ्या करत होती, त्या करत राहिली.

"हे तुला त्याने सांगितलं?"

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"ताई, तो सांगायला येतो, पण मधेच—"

"मग तो सांगेल तेव्हा ऐकेन मी. त्याच्या तोंडून." तिने पोळी उलटली. "आमच्या मामाला असंच नेलं होतं डॉक्टरकडे. शनिवारी नेलं. आईला सांगितलं, सोमवारी पाठवतो. मामा पुढे भिंतीच्या आत म्हातारा होऊन मेला. दिगूला कुठे न्यायचं नाही. तो विसरतो, एवढंच. नाटकात तू सांगतोस ना त्याला?"

"हो, पण—"

"मग इथेही सांगत जा."

"ताई, नाटकात माझ्या हातात वही असते. पुढे काय आहे ते लिहिलेलं असतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. शाळेत ढ मुलीकडे बघत असेल तसं.

"तू एम. ए. ना?"

अशा रीतीने मी दिगंबरचा घरचा प्रॉम्प्टर झालो. संध्याकाळी त्याच्याबरोबर बाहेर पडायचं, तो थांबला की वाक्य पुरवायचं. गडियाहाटला मिठाईच्या दुकानात तो म्हणाला, "दादा, मला जरा—" आणि थांबला. मी म्हटलं, "संदेश." दुकानदाराने संदेश बांधले. बाहेर आल्यावर दिगंबरने पुडा माझ्या हातात दिला.

"काय मागणार होतो ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण संदेश नव्हते."

"मग नाही म्हणायचंस."

"नाही म्हटलं की लोक विचारतात, मग काय? ते सांगता यायला पाहिजे ना. ते नसतंच. म्हणून मी हो म्हणतो. हो म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही."

त्या दिवसापासून मी पुरवायचं बंद केलं. तोपर्यंत उशीर झाला होता. काम मंडळाने हातात घेतलं होतं.

*

प्रामाणिकपणे सांगायचं तर कोणाच्या मनात वाईट नव्हतं. परगावातली मराठी माणसं. एकमेकांना सांभाळून घेतात. कोणाकडे गॅस संपला तर आपला सिलिंडर देतात, कोणाचं वाक्य संपलं तर आपलं वाक्य देतात. फक्त देताना स्वतःचंच देतात. दुसरं कुठून आणणार?

कार्यकारिणीच्या सभेत दिगंबर उठून म्हणाला, "मला वाटतं, यंदा मंडळाने—"

थांबला.

"श्यामराव पेठ्यांना अध्यक्ष करावं," श्यामराव खाली मान घालून म्हणाले.

दिगंबर म्हणाला, "हो."

टाळ्या झाल्या. सूचक दिगंबर आठल्ये, असं इतिवृत्तात गेलं. श्यामराव उठून म्हणाले की आपली तशी इच्छा नव्हती, पण तरुण पिढीचा आग्रह मोडवत नाही.

पुढच्या वेळी तो म्हणाला, "परवा बसमधून मी सॉल्ट लेकला—"

"जमीन बघून आला!" कोणीतरी म्हणालं. "अहो, आपण सगळ्यांनीच घेऊ या. मराठी कॉलनी करू."

"हो," दिगंबर म्हणाला.

एका रविवारी भाड्याची बस करून मंडळ सॉल्ट लेक बघायला गेलं. खाजण बुजवून तिथे नवी वसाहत होणार होती, तेव्हा बहुतेक वाळूच होती. बायकांनी डबे नेले होते. सगळे वाळूत उभे राहून वाळूकडे बघत होते. दिगंबर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आपण इथे कशाला आलोय?"

"तू म्हणालास म्हणून."

"अच्छा," तो म्हणाला आणि पुन्हा वाळूकडे बघायला लागला.

हळूहळू लोकांना चटक लागली. दिगंबर आला की बैठकीला रंग चढे. तो तोंड उघडी आणि सगळे सरसावून बसत. काहींची खास शैली होती. गजाननराव नावाचे बँकेतले एक गृहस्थ त्याची सगळी वाक्यं बदलीकडे नेत. प्रतिभावहिनी लग्नाकडे नेत. दोघांनी एकदम वाक्य दिलं तर ज्याचं आधी संपे त्याचं धरलं जाई. दिगंबर दोघांनाही हो म्हणायचा. अशाने तो मासे खाणं सोडलेला, मासे खाणं धरलेला, बंगाली सिनेमा आवडणारा, बंगाली सिनेमाचा कंटाळा आलेला माणूस झाला. मंडळात त्याच्याइतकी मतं कोणाला नव्हती. त्यातलं त्याचं एकही नव्हतं.

मधल्या काळात तो वाळत चालला. कंपनीत चुकीच्या मापाची दोन ड्रॉइंग गेली. घरी नकाशासमोर बसून राहायचा. मी बोललो तर उत्तर यायचं, पण कधी कधी दुसऱ्याच प्रश्नाचं.

आणि त्याचा प्रयत्न चालूच होता. हे मला माहीत होतं म्हणून मला दिसायचं. प्रतिभावहिनींकडे चहा घेताना त्याने कप खाली ठेवला, शारदाताईकडे वळला, म्हणाला, "ताई, मला डॉक्टर—"

मी श्वास धरला.

"व्हायचं होतं!" प्रतिभावहिनी म्हणाल्या. "मला माहितीये. हुशारच होते पहिल्यापासून. परिस्थिती नव्हती."

शारदाताईचे डोळे भरून आले. "मला कधी बोलला नाहीस रे दिगू."

दिगंबरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वहिनी, तो ते म्हणत नव्हता."

"मग काय म्हणत होते?"

"तेच तो सांगेल. जरा थांबा."

"बरं," वहिनी म्हणाल्या. थांबल्या. घड्याळाचा काटा सरकायच्या आत म्हणाल्या, "चिवडा घ्या ना."

"हो," दिगंबर म्हणाला.

*

लीनाचं असंच झालं.

लीना श्यामरावांची मुलगी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. बंगाली आणि इंग्रजी फाडफाड. मराठी कळायचं सगळं, बोलायची मात्र जपून, दगडांवरून ओढा ओलांडावा तसं. श्यामराव मराठी नाटककार, आणि घरात ही. ते दुःख त्यांनी दोन नाटकांत मांडलं होतं.

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. दिगंबर म्हणाला, "श्यामराव, तुमच्या लीनाला मी—"

प्रतिभावहिनी पुढे झुकल्या. आयुष्यभर त्या या वाक्याची वाट बघत होत्या.

"मागणी घालतोय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही नाही—"

"हो," दिगंबर म्हणाला.

नंतर ट्रामच्या थांब्यावर त्याला आठवलं. त्याला लीना गडियाहाटला छत्री विसरून जाताना दिसली होती आणि ती छत्री त्याच्याकडे होती. वाक्य परत आलं तसा त्याने माझा दंड धरला.

"मुकुंदा, सांगून ये."

मी परत गेलो. श्यामराव दारातच भेटले. त्यांनी मला मिठी मारली. मी छत्रीचं सांगितलं. ते हसले. "लाजतोय," म्हणाले. "लाजू दे. छत्री काय, आता सगळं तुमचंच आहे."

शारदाताईला सांगितलं. ती म्हणाली, "लग्न झालं की ठीक होईल. घरात सतत कोणीतरी सांगणारं असेल."

"आणि लीनाला सांगितलं का, त्याला काय होतं ते?"

"काय होतं? विसरतो. सगळेच पुरुष विसरतात."

दिगंबर त्या आठवड्यात माझ्या खोलीवर आला. दाराशी उभा राहूनच म्हणाला. सलग. कदाचित वाटेत शंभरदा घोकलं असेल.

"त्या मुलीला फसवून मी लग्न करणार नाही. सुपारी फोडायच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार. मला आधी डॉक्टरकडे न्या. तिथे ताई असेल, तिला ऐकावंच लागेल. तू फक्त मला बोलू दे."

"मी बोलू देईन. बाकीचे?"

यावर तो काही बोलला नाही. थांबला होता की बोलायचंच नव्हतं, ते कळलं नाही. विचारायची लाज वाटली.

*

सुपारी श्यामरावांच्या घरी होती, रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूला, दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी. सतरंजीवर पुरुष, खुर्च्यांवर बायका. मधे पाटावर सुपारी, नारळ, पेढे. पंखा गरगरत होता. दिगंबर नव्या झब्ब्यात बसला होता. शारदाताईने त्याची बटणं स्वतः लावली होती.

श्यामरावांनी घसा साफ केला. छोटं भाषण केलं, त्यात दोन ठिकाणी थांबून आमच्याकडे पाहिलं. आम्ही वाहवा म्हटलं. मग म्हणाले, "तर मग दिगंबरराव, आपली पसंती आहेच. काही म्हणायचं असेल तर संकोच नको."

दिगंबर म्हणाला, "आहे. माझी एक अट आहे."

बायकांत कुजबूज झाली. अट! श्यामरावांचा चेहरा उतरला.

"लग्नाच्या आधी मला—"

थांबला.

मी त्याच्याकडे बघत होतो. हात मांडीवर, डोळे समोरच्या नारळावर. गेलं. मी मनात म्हणत होतो, ये, ये, परत ये.

"हुंडा नको!" कोणीतरी म्हणालं.

"वा!" श्यामराव म्हणाले. "वा, दिगंबरराव!"

"छे, अट म्हणतायत," गजाननराव म्हणाले. "आधी प्रमोशन मिळू दे, असं असेल. आणि मग बदली."

"वेगळं घर हवं असेल. दोन खोल्यांत कसं होणार?"

"सॉल्ट लेकला!"

"मुलीचं मराठी सुधारून घ्या, असं म्हणत असतील," प्रतिभावहिनी म्हणाल्या. "बरोबर आहे. मी शिकवीन."

"मुहूर्त मार्चच्या आत—"

"लग्न पुण्याला—"

सगळे बोलत होते. सुपारीचा कार्यक्रम बाजूला राहिला आणि दिगंबरच्या वाक्याचा सुरू झाला. लोक गुडघ्यांवर उठून वाक्यं देत होते. शारदाताई एकेकाकडे वळून बघत होती. कुठलं घ्यावं ते तिला कळत नव्हतं. दिगंबरचे ओठ हलले. मला माहीत होतं, आता तो हो म्हणेल.

"तुम्ही सगळे का बोलते?"

लीना. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. आतापर्यंत तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

"बोलता," श्यामराव म्हणाले. "का बोलता, असं म्हणायचं बेटा."

"हां, का बोलता? तो बोलतो आहे ना."

"कुठे बोलतायत?" प्रतिभावहिनी म्हणाल्या. "गप्प बसलेत. म्हणून तर मदत करतोय."

"बोलतो आहे," लीना म्हणाली. "संपला नाही अजून. मी पण असाच बोलतो मराठी. मधे थांबतो. तुम्ही लोक लगेच शब्द देते, मग माझा वाला जातो." ती दिगंबरकडे वळली. "तू बोल. मला किछू घाई नाही. माझ्याकडे दुसरा वाक्य नाही तुला द्यायला."

मुलीचं घर, आणि मुलीनेच सांगितलेलं. गप्प बसणं भाग होतं.

मग आम्ही थांबलो.

मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नसेल. खोलीभर मराठी माणसं, आणि बोलत कोणी नाही. पंखा. खाली ट्रामची घंटा. एका मुलाने पेढ्याकडे हात नेला, त्याच्या आईने तो खाली दाबला. गजाननरावांना उचकी लागली. ती त्यांनी तोंडावर रुमाल धरून आतल्या आत जिरवली. प्रतिभावहिनींचा चेहरा लाल झाला होता. त्यांच्या तोंडात वाक्यं साठत होती, ते दिसत होतं. श्यामराव एकदा म्हणाले, "मी फक्त एवढंच—" आणि लीनाने बोट ओठांवर ठेवलं. तेवढ्यात वीज गेली. पंखा मंद होत होत थांबला. कोणी अरे म्हटलं नाही. वीज गेल्यावर कलकत्त्यात एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. लोकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. कोणी पुसला नाही.

"डॉक्टरकडे जायचंय," दिगंबर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघत होते.

"लग्नाच्या आधी मला डॉक्टरकडे जायचंय. डोक्याच्या. माझ्या डोक्यातलं मधेच काढून घेतलं जातं. मी विसरत नाही. मला भीती वाटते. ताई, मला ने."

आवाज तोच होता. गोड, मोठा. तालमीतला.

पहिल्यांदा श्यामराव बोलले. "काढून घेतलं जातं म्हणजे, कोण काढून घेतं?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. जणू आमच्यातलाच कोणीतरी असावा.

"त्याला विचारायलाच डॉक्टरकडे जायचंय," दिगंबर म्हणाला.

"थट्टा करतायत, म्हणजे—" प्रतिभावहिनी म्हणाल्या. पण त्यांनीच ते मधे सोडून दिलं.

लीना म्हणाली, "बाबा, मला पण लग्न नको. मला कोणी विचारला नाही." मग दिगंबरकडे बघून घाईने म्हणाली, "तुझ्यासाठी नाही. आधीपासूनच नको."

"मागणीचं मलाही माहीत नव्हतं," दिगंबर म्हणाला. "छत्रीचं होतं ते."

"माझी छत्री? ती तुझ्याकडे आहे?"

ती दोघं छत्रीबद्दल बोलायला लागली. सुपारी पाटावर होती. श्यामराव अजून खोलीतल्या एकेका माणसाकडे बघत होते. लोक चपला शोधू लागले. जाताना प्रत्येकाने एक पेढा घेतला, कारण ताट धरून श्यामरावांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या आणि त्यांना कोणी नाही म्हणू शकत नव्हतं.

शारदाताई खुर्चीवरून हलली नव्हती. मी तिच्याजवळ गेलो.

"ऐकलंस?" तिने मला विचारलं.

"हो."

"मीही ऐकलं," ती म्हणाली. मोठ्याने, तक्रार करावी तसं. "आता काय करू?"

मी काही सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली. दिगंबरचा झब्बा पाठीवर चुरगळला होता, तो तिने हाताने सारखा केला.

*

पुढचं इथेच सांगून टाकतो. त्याला दोन वर्षं होत आली. दिगंबर गोळ्या घेतो. कोणी त्याला भिंतीआड ठेवलं नाही. गोळ्यांनी हात थरथरतो, त्यामुळे कंपनीने त्याला ड्रॉइंग बोर्डावरून काढून तपासणीला बसवलं. तो म्हणतो तपासायला बरं वाटतं, दुसऱ्यांच्या चुका दिसतात. वजन वाढलं. अजून थांबतो, पण क्वचित. एकदा मंडळात असाच थांबला तेव्हा गजाननरावांनी सवयीने बदली म्हटलं. दिगंबर म्हणाला, "नाही." मग काय, असं कोणी विचारलं नाही. नाटकात तो आता काम करत नाही. लीना दिल्लीला शिकायला गेली. नवं नाटक श्यामरावांनी वीज गेलेल्या घरावर लिहिलं आहे. पहिला अंक अंधारात आहे. प्रेक्षकांना नाटक दिसणार नाही असं आम्ही सांगून पाहिलं.

मला सांगायचं आहे ते डॉक्टरकडचं.

सुपारीनंतरच्या शनिवारी शारदाताई त्याला घेऊन गेली. वार मामाचाच निघाला. डॉक्टर दुसरा देत नव्हते. मी बरोबर होतो. डॉक्टरांचं चेंबर एका चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. डॉक्टर बंगाली, म्हातारे, सदऱ्यावर तपकिरीचे डाग. आम्हां तिघांनाही त्यांनी आत बसवलं.

त्यांनी दिगंबरला बंगालीत विचारलं, काय होतं?

शारदाताईने सुरुवात केली. तिचं बंगाली फार चांगलं आहे. तिने जन्मापासून सुरू केलं. आईवडील, गोवर, शाळेतले मार्क. मामा आला तेव्हा ती अडखळली, मग तेही सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान. आता त्यांना सांगू दे."

दिगंबरने बंगालीत सांगायला सुरुवात केली. "पूर्वी मी काही विसरत नसे. पण या वर्षी थंडी संपल्यावर—"

थांबला.

डॉक्टर थांबले. त्यांनी पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही. बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे बसले होते.

मी शारदाताईकडे पाहिलं. तिच्या ओठांची हालचाल होत होती. तिच्याकडे वाक्य होतं. तिने पदराचं टोक मुठीत धरलं. मान पुढे आली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. मग पदराचा बोळा करून तोंडाशी धरला आणि बसून राहिली.

दिगंबर म्हणाला, "ताई, तू बाहेर बस."

हे मराठीत. वाक्याचा उरलेला भाग नव्हता. नवीनच होतं.

ती दचकली. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, पण ते समजले असावेत. त्यांनी मान हलवली. शारदाताई उठली. दारापर्यंत गेली. वळून म्हणाली, "मुकुंद, तूसुद्धा."

बाहेर बाक होतं. दार अर्ध्या उंचीचं, खालून मोकळं. त्याखालून डॉक्टरांचे बूट दिसत होते आणि दिगंबरच्या चपला. आम्ही दोघं त्याकडे बघत होतो. आतून आवाज येत नव्हता. बूट हलत नव्हते. चपला हलत नव्हत्या. आमच्यानंतरचा पेशंट, एक जाडा गृहस्थ, अधीर होऊन म्हणाला, "आत कोणी आहे की नाही?"

"आहे," शारदाताई त्याला बंगालीत म्हणाली. "माझा भाऊ आहे."

मग बऱ्याच वेळाने आतून दिगंबरचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. एक वाक्य. मग दुसरं. मग डॉक्टर काहीतरी म्हणाले, मग पुन्हा तो.

शारदाताईने माझं मनगट धरलं.

"काय सांगत असेल रे?"

मी विचार केला. मला बरंच सुचत होतं.

"माहीत नाही, ताई," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. मनगट सोडलं नाही. आत तो बोलत होता.